ॲडव्हेंट ते ऐरोली

शनिवार, ३० नोव्हेंबर २०२४, ड्रेस्डेन

साडेचारलाच काळोख, थंडी शून्याच्या आसपास आणि आल्टमार्क्टच्या चौकात पाय ठेवायला जागा नाही. उद्या पहिला ॲडव्हेंट रविवार, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांपैकी पहिला. मी ठाण्याच्या नौपाड्यातून इथे जर्मनीत पाण्याच्या अभियांत्रिकीचं एम.एस्सी. करायला आले आहे. या दिवसांत वर्गातलं कुणीच अभ्यासाचं बोलत नाही. बोलणं फक्त कुठल्या गावचा बाजार कधी उघडतो याचं.

ड्रेस्डेनचा नाताळबाजार १४३४ पासून भरतो. सुरुवातीला तो नाताळच्या तोंडावर, एकच दिवस भरणारा मांसाचा बाजार होता. आता मांस कोपऱ्यात गेलं आणि बाकी चौकभर लाकडी खेळणी, भाजलेले बदाम, मसाला घातलेली गरम वाइन. वाइनच्या कपाचं डिपॉझिट वेगळं भरायचं, कप परत केला की पैसे परत. पण कपावर त्या वर्षाचं चित्र असतं, त्यामुळे निम्मे लोक तो बॅगेत टाकून निघून जातात. दुकानदारालाही त्याचं दुःख नसावं.

मला सगळ्यात आवडला तो सुकवलेल्या आलुबुखारांचा माणूस. वीतभर उंची, काडीला टोचलेली काळी फळं म्हणजे हातपाय, डोक्यावर कागदी उंच टोपी, हातात शिडी. हा धुराडी साफ करणारा पोऱ्या. पूर्वी धुराड्यात उतरायला अंगानं बारीक, सात-आठ वर्षांची मुलं लागायची, त्यांची ही आठवण. विकत घेतलेला पुतळा खाववेना. तो खोलीत खिडकीपाशी उभा आहे.

चौकात आणि गल्लोगल्लीच्या खिडक्यांत कागदाचे टोकदार तारे लटकलेले दिसतात. लांबून बघितलं तर आपल्याकडचे आकाशकंदीलच. हे हेर्नहूट गावचे तारे, पंचवीस टोकांचे. मोरावियन पंथाचे मिशनरी जगभर जायचे आणि त्यांची मुलं मागे वसतिगृहात राहायची. तिथे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला भूमितीच्या तासाला हा तारा तयार झाला. पुढे पहिल्या ॲडव्हेंटला मुलं तो स्वतः जोडून टांगू लागली. आईबाप परदेशात आणि मुलं घरी, असा तो उलटा प्रकार.

परतताना ट्राम वळसा घालून आली. ११ सप्टेंबरच्या पहाटे इथल्या कारोला पुलाचा एक भाग एल्बे नदीत कोसळला. शेवटची ट्राम काही मिनिटं आधी गेली होती म्हणून कुणाला इजा झाली नाही. बाबा सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेत. तेव्हापासून त्यांचा फोन माझ्या तब्येतीच्या आधी पुलाच्या तब्येतीवर येतो.

शनिवार, ७ डिसेंबर, ड्रेस्डेन

स्टोलनचा उत्सव. स्टोलन म्हणजे मनुका, बदाम, संत्र्याची साल घातलेला, वर पिठीसाखरेची जाड चादर ओढलेला लांबट पाव. दुसऱ्या ॲडव्हेंटच्या आदल्या शनिवारी एक अवाढव्य स्टोलन घोडागाडीवर ठेवून मिरवतात, मग चौकात कापून तुकडे विकतात. १७३० मध्ये राजा ऑगस्टनं सैन्याच्या कवायतीच्या निमित्तानं सुमारे १.८ टनांचा स्टोलन भाजून घेतला होता, त्याची ही नक्कल.

मला त्याहून मजेची वाटली ती लोण्याची भानगड. ॲडव्हेंट हा उपासाचा काळ, लोणी निषिद्ध, त्यामुळे बेकरीवाले तेलात पाव करायचे आणि तो बेचव व्हायचा. सॅक्सनीच्या, म्हणजे इथल्या प्रांताच्या, राजघराण्यानं रोममध्ये अर्ज केला. अखेर १४९१ मध्ये पोप आठव्या इनोसंटनं पत्र धाडून लोण्याला परवानगी दिली. आज नियम उलटा झाला आहे. ड्रेस्डेनचा म्हणून शिक्का हवा असेल तर शंभर भाग पिठाला निदान पन्नास भाग लोणी हवंच.

घरी न्यायला किलोभराचा एक घेतला. महाग आहे, पण महिनाभर टिकतो.

रविवार, ८ डिसेंबर, फ्रायबेर्ग

आमच्या या, २०२४ च्या हिवाळी सत्राच्या फीमध्येच महिन्याला २९.४० युरोंचं तिकीट आलं. त्यावर जर्मनीभरच्या लोकल, ट्राम, बस आणि साध्या गाड्या चालतात, फक्त जलद गाड्या नाहीत. त्यामुळे शनिवार-रविवारी घरात बसणं म्हणजे पैसे वाया घालवणं, असा विद्यार्थ्यांचा हिशेब असतो. आज चाळीसेक मिनिटांवरच्या फ्रायबेर्गला गेलो. ११६८ मध्ये इथे चांदी सापडली, १७६५ मध्ये खाणकामाचं विद्यापीठ निघालं. घरांच्या खिडक्यांत दिव्यांच्या लाकडी कमानी. हिवाळ्यात खाणकामगार उजाडायच्या आत खाली उतरायचा आणि मावळल्यावर वर यायचा, त्याला दिवसच्या दिवस ऊन दिसायचं नाही, म्हणून या डोंगराळ भागात दिव्यांचं एवढं वेड. पाऊस पडत होता. लवकर परतलो.

शनिवार, १४ डिसेंबर, राथेन आणि बास्टाय

आज वर्गातला एक पुण्याचा मुलगा, एक नाशिकची मुलगी आणि मी. लोकलनं पाऊण तासाच्या आत राथेन. स्टेशन एल्बेच्या एका काठाला, गाव दुसऱ्या काठाला, मध्ये पूल नाही. फेरी आहे.

ती फेरी बघायला मी एकटी तीनदा आले असते. तिला इंजिन नाही. नदीत वरच्या अंगाला एक लांब दोर नांगरलेला, त्याच्या टोकाला बोट बांधलेली. नावाडी फक्त बोटीचं तोंड प्रवाहाला थोडं तिरकं करतो. मग प्रवाह बोटीला ढकलू पाहतो, दोर तिला खाली वाहू देत नाही, आणि उरलेला जोर तिला आडवा पलीकडे नेतो. परत येताना कोन उलटा. आवाज फक्त पाण्याचा. पुण्याच्या मुलानं व्हिडिओ काढला आणि विचारलं, "पाणी कमी असलं तर?" नावाड्यानं खांदे उडवले. उन्हाळ्यात एल्बे किती रोडावते ते आम्ही वर्गात आलेखांवर बघितलं आहे. २००२ च्या ऑगस्टात हीच नदी ड्रेस्डेनला ९.४० मीटरपर्यंत चढली होती. त्या पुराच्या खुणा गावातल्या भिंतींवर आहेत, मी हात वर करूनही पोचले नाही.

पलीकडून बास्टायची चढण. पायऱ्या, शेवाळ, ओल्या पानांचा चिखल, आणि वाळूच्या दगडाचे सुळके एकमेकांना खेटून. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला अर्धा तास म्हणजे काहीच नाही. पण वर पोचल्यावर कुणी कांदाभजी तळत नाही, हे मनाला पटायला वेळ लागतो. सुळक्यांमधून १८५१ चा दगडी पूल गेला आहे, लांबी ७६ मीटर. तो कुठल्या गावाला नेत नाही. प्रवाशांना उभं राहून बघता यावं म्हणूनच बांधला. आपल्याकडे पूल बांधायला चाळीस कारणं लागतात, इथे नुसतं बघणं पुरलं. खाली १९४ मीटरवर एल्बेचं वळण, आणि मघाची ती फेरी काडेपेटीएवढी.

चारला सूर्य गेला. उतरताना मोबाइलचे टॉर्च. गाडीत नाशिकच्या मुलीनं डब्यातून धपाटे काढले आणि शेजारच्या आजींनी काय आहे ते विचारून एक तुकडा चाखला. "कडक," एवढंच म्हणाल्या, म्हणजे जर्मनमध्ये. आम्ही तिखट समजून हसलो, त्या खरंच कडक म्हणत होत्या.

शुक्रवार, २० डिसेंबर, फ्रँकफर्ट विमानतळ

सुट्टी लागली. रात्रीचं विमान, मध्ये आखातात एक थांबा. गेटपाशी बसले होते तेव्हा बातमी आली. माग्डेबुर्गच्या नाताळबाजारात संध्याकाळी सातच्या सुमारास एकानं गर्दीत गाडी घातली. ड्रेस्डेनहून ते गाव दोनशेच्या आसपास किलोमीटर. गेटवरचे सगळे आपापल्या फोनमध्ये, कुणी मोठ्यानं बोलेना.

ठाण्यात तेव्हा मध्यरात्र उलटलेली. आईचे फोन, मग आत्याचे, मग दहावीनंतर कधी न बोललेल्या दोन मैत्रिणींचे. मी विमानतळावर आहे, बोर्डिंग सुरू होतं आहे, एवढं सांगितलं तेव्हा आईचा जीव भांड्यात पडला. गेले तीन आठवडे मी अशाच गर्दीत कप हातात घेऊन उभी होते, हे तिला आठवू नये म्हणून विषय बदलला. माग्डेबुर्गला पुढे एकूण सहा जणांचा जीव गेला.

शनिवार, २१ डिसेंबर, ठाणे

बाबा गाडी घेऊन आले होते. पूर्व द्रुतगती मार्गावर मुलुंडचा टोलनाका आला आणि त्यांनी वेग कमी न करता गाडी पुढे काढली. "टोल गेला," असं अशा थाटात म्हणाले, जणू सही त्यांचीच होती. ऑक्टोबरच्या मध्यापासून मुंबईच्या वेशीवरच्या नाक्यांवर हलक्या वाहनांना टोल माफ झाला आहे. मग मुंबईपर्यंतचे खड्डे, मेट्रोचे खांब, आणि कारोला पुलाचा प्रश्न: "पोलादाच्या तारांना गंजून तडे गेले म्हणतात. अहवाल आला का?" मी म्हटलं, अहवाल तुम्हीच मला पाठवलात.

जेवून झोपले.

रविवार, २२ डिसेंबर

मामलेदार मिसळ, तीही 'मध्यम', कारण जर्मनीच्या जेवणानं जीभ बधिर झाली आहे. डोळ्यांतून पाणी. भाऊ म्हणाला, "झाली परदेशी." दोन ग्लास ताक. संध्याकाळी तलावपाळीला चक्कर, कोपिनेश्वराचं दर्शन, कणीस. इथे फिरायला जायचं म्हणजे ओळखीच्या चार माणसांना उत्तरं देत जायचं: थंडी किती, जेवण कोण करतं, परत कधी, तिथेच राहणार का.

तिकडे मी जागा बघायला जाते. इकडे मला बघायला माणसं येतात.

सोमवार-मंगळवार, २३-२४ डिसेंबर

नातेवाईक. फराळ दिवाळीचा नव्हता तरी दिवाळीसारखा झाला. चोवीसच्या रात्री मैत्रिणींबरोबर तलावाजवळच्या संत योहान बाप्टिस्टाच्या चर्चपाशी उभी राहिले. आत जागा नव्हती, बाहेर फुगेवाले, आइस्क्रीमवाले, दिव्यांखाली फोटो काढणाऱ्या ठाणेकरांच्या झुंडी. या गावाचा ख्रिस्ती इतिहास पोर्तुगीजांहून जुना आहे. चार फ्रान्सिस्कन साधूंना ठाण्यात १३२१ मध्ये मारण्यात आलं, ते ठाण्याचे हुतात्मे म्हणून ओळखले जातात. तिकडे आल्टमार्क्टचा बाजार दुपारीच उठला असणार. ड्रेस्डेनमध्ये राहिलेल्या मैत्रिणीचा मेसेज: सगळं बंद, रस्त्यात फक्त मी आणि कबुतरं.

बुधवार, २५ डिसेंबर, वसई

आईची बँकेतली मैत्रीण, तिला आम्ही वसईची मावशी म्हणतो. दर नाताळला तिच्याकडे जेवण. ठाण्याहून घोडबंदर रोड, गायमुखचा घाट, वर्सोवा पुलावरून खाडी ओलांडून वसई फाटा. सकाळी साडेसातला निघालो म्हणून ठीक, नाहीतर घाटात दुपार व्हायची.

घराच्या गल्लीत पोरांनी नाताळचा गोठा केला होता. बेथलेहेम कमी आणि वसईच जास्त: मातीचा डोंगर, गहू रुजवून केलेली हिरवळ, रहाटाची विहीर, केळीच्या बागेतून जाणारा पाट, आणि एका कोपऱ्यात लाल लुगडं नेसलेली बाई पाण्याचा हंडा घेऊन. बाळ येशू सगळ्यात शेवटी दिसतो. मला वाटतं, जर्मनीतल्या सुबक लाकडी कोरीवकामापेक्षा हे सरस. एक पोरगा खाली बसून आगपेटीच्या काड्यांनी पाटाचा उतार नीट करत होता, कारण पाणी उलट दिशेनं येत होतं.

स्टोलन कापला. मावशीनं एक तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाली, "लोणी सढळ आहे." पोपच्या पत्राची गोष्ट सांगितली. ती हसून म्हणाली, "आमच्या आजीच्या काळापर्यंत उपास कडकच होता. पण रोमला पत्र पाठवायचं कुणाला सुचलं नाही." मग नेवऱ्या, कुलकुल, आणि जेवायला मटण. बाबांना वेगळा वरणभात.

बोलता बोलता फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचा विषय निघाला. ते जुलैमध्ये गेले. उस्मानाबादच्या २०२० च्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो, पण मावशीच्या यजमानांना, काकांना, ते आठवतात हरित वसईच्या आंदोलनातले. विहिरींतून टँकर भरभरून पाणी विकलं जायचं, आणि हिरवा पट्टा बिल्डरांच्या घशात जायची वेळ आली होती. तरुणपणी काका त्या मोर्चांना जायचे. "चल, तू पाण्याचं शिकतेस ना, तुला काहीतरी दाखवतो," म्हणाले.

वाडीच्या मागे बावखल होतं. बावखल म्हणजे खोदलेलं तळं, कडेला माती आणि दगड, उतरायला चार ओबडधोबड पायऱ्या, पाण्यावर पानं, काठाला केळी, सुपारी, आणि एक बेढब चाफा. पाणी हिरवट पण स्वच्छ, तळातले मासे दिसत होते. काकांनी ओंजळभर चाखायला लावलं. गोड.

आणि समुद्र तिथून चालत जाण्याच्या अंतरावर.

ही गंमत आम्हाला पहिल्याच सत्रात शिकवली होती, पण फळ्यावर. किनाऱ्याच्या जमिनीत गोडं पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा हलकं म्हणून त्याच्यावर तरंगत राहतं. पावसाचं पाणी मुरत राहिलं तर हा गोडा थर जाड होतो आणि खारं पाणी खाली दबून राहतं. पंप लावून उपसा वाढवला की गोडं संपतं आणि खालून, बाजूनं खारं चढतं. विहीर एकदा मचूळ झाली की वर्षानुवर्षं सुधारत नाही. बावखलं म्हणजे पावसाचं पाणी धरून ठेवून हळूहळू जमिनीत सोडणारी सोय. ती पिढ्यान् पिढ्या बागा शिंपणाऱ्या लोकांनी केली, कुठल्याही सूत्राशिवाय. मी काकांना ते समीकरण सांगू लागले. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "यात वाडवळांच्या विहिरीही धरल्यात का तुमच्या साहेबांनी?"

शेजारच्या वाडीतलं बावखल बुजवलं आहे. राडारोड्यावर आता गाड्या लावतात. काका तिकडे बोट दाखवून काही बोलले नाहीत, पण पावसाळ्यात त्याच रस्त्यावर गुडघाभर पाणी साचतं हे परतताना मावशीनं सांगितलं.

निघताना मावशीनं सुकेळीचं पाकीट दिलं: राजेळी केळी सोलून उन्हात वाळवलेली, तपकिरी, चिकट, केळीच्या सुक्या पानात गुंडाळलेली. वाटेत वसईच्या किल्ल्यापाशी थांबलो. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये तो घेतल्यावर इथल्या चर्चच्या घंटा देवळांना वाहिल्या गेल्या, नाशिकला नारोशंकराच्या आणि भीमाशंकरच्या देवळात त्या आहेत. हे बाबांनी सांगितलं. मावशीच्या घरी मात्र त्यांनी हा विषय काढला नव्हता, याची मी नोंद घेतली.

शनिवार, २८ डिसेंबर, ऐरोली

ठाण्याच्या नऊ-दहा नंबरवरून पनवेल लोकल. वाटेत दिघा गाव हे नवं स्टेशन, ते याच वर्षी जानेवारीत सुरू झालं. ऐरोलीला उतरून रिक्षानं खाडीकाठच्या जैवविविधता केंद्रात. तिथून फ्लेमिंगो बघायला बोट सुटते. बोटीची वेळ भरती-ओहोटी ठरवते: भरती फार असली तर चिखल झाकला जाऊन पक्षी उठतात, ओहोटी फार असली तर बोट रुतते. परवा सोमवती अमावास्या, म्हणजे उधाण जवळ आलेलं, त्यामुळे मधली वेळ थोडकीच मिळते.

डिसेंबरात अजून पक्षी कमी. गर्दी व्हायची ती जानेवारीनंतर. तरी तिवरांच्या रांगेपलीकडे एक फिकट गुलाबी रेघ दिसली आणि बोटीतल्या सगळ्यांनी एकदम उभं राहून बोट एका बाजूला कलती केली. बोटवाला ओरडला, बसलो. जवळून बघितलं तर प्रत्येक पक्षी मान खाली घालून चोच चक्क उलटी पाण्यात धरतो, पाणी गाळून शेवाळ खातो. गुलाबी रंग त्याच शेवाळातल्या रंगद्रव्याचा.

ही खाडी २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाली, २०२२ मध्ये रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ. पण शेवाळ एवढं वाढतं त्याला शहरांचं सांडपाणीही कारण आहे. घाण जरा वाढली तर पक्ष्यांना मेजवानी, फार वाढली तर पाण्यातला प्राणवायूच संपेल. मागे ऐरोलीचा पूल, उंच मनोरे, विजेच्या तारा, पुढे गुलाबी रेघ. भावाला फोटो छान मिळाले. मला वाटलं, हा विषय प्रबंधाला घ्यावा. मग वाटलं, सुट्टी आहे.

मंगळवार, ३१ डिसेंबर

गच्ची, पावभाजी, शेजारच्या बिल्डिंगचा डीजे. साडेबाराला झोपले.

शुक्रवार, ३ जानेवारी २०२५

बॅग. आईचं आणि माझं दरवर्षीचं भांडण. युरोपीय संघात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे तूप, पेढे, खव्याच्या पोळ्या, सगळं बाद. ताज्या फळांनाही प्रमाणपत्र लागतं, पण केळी, अननस, नारळ, खजूर आणि ड्युरियन यांना सूट आहे. आई म्हणाली, "हे ड्युरियन काय?" मी सांगितलं. "वासाचं चालतं आणि माझं तूप चालत नाही?" याला उत्तर नाही. शेवटी भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, कोकमं, मावशीची सुकेळी. तुपाची बाटली तिनं दोनदा आत ठेवली, मी दोनदा बाहेर काढली.

शनिवार, ४ जानेवारी, ड्रेस्डेन

फ्रँकफर्टहून गाडीनं संध्याकाळी पोचले. रविवारी इथे दुकानं कायद्यानंच बंद असतात, त्यामुळे बॅगा खोलीत टाकून तशीच सुपरमार्केटला पळाले. दूध, कांदे, बटाटे, ब्रेड. सोमवारी सकाळी भूजलाचं लेक्चर. दुधाच्या फडताळात इथलं कढवलेलं लोणी मिळतं, डब्यात, पांढुरकं पिवळं. एक घेतला आणि फोटो आईला पाठवला.

ठाण्यात रात्रीचा एक वाजला असेल. लगेच उत्तर आलं: "रवाळ दिसत नाही."